अप्पाकाकांच्या घरचा श्रावण

अप्पाकाका पेडणेकर मासा दिसला की आधी त्याचा कल्ला उचलून बघत. मग तो सुपरमार्केटात बर्फावर पडलेला असो, नाहीतर कुणाच्या पार्टीत अख्खा भाजून टेबलावर आलेला असो. यजमानांचा चेहरा उतरे, पण काकांना त्याचं काही नसे. मला मात्र त्यांच्याबरोबर जेवायला जायला फार आवडे.

अमेरिकेतल्या वेस्ट विंडसरला आमच्या शेजारी राहणारे हे मालवणचे काका माशांचे शास्त्रज्ञ होते. ऐंशीच्या दशकात दोन शेजारी देशांचं युद्ध थांबलं आणि मधल्या समुद्रात मासे कुणी धरायचे याची बोलणी अमेरिकेत सुरू झाली. काका सल्लागार होते. दोन्हीकडचे कोळी एकमेकांच्या तुरुंगात अडकलेले, करार झाल्याशिवाय ते सुटणार नव्हते. काकांचा जीव त्यांच्यात अडकला होता. "मासो काय व्हिसा काढून पोवता?" असं ते चिडून म्हणत. पण दोन्ही देशांचे प्रमुख प्रतिनिधी एकमेकांकडे बघायलाही तयार नव्हते.

शेवटी काकांनी दोघांना घरी डिनरला बोलावलं. "मासा खाताना माणूस भांडत नाही, यार. सगळं लक्ष काट्यांत असतं," ते मला म्हणाले. बोलावण्याच्या भरात एवढंच विसरले, की श्रावण लागला होता.

"अहो, श्रावणात माझ्या किचनमध्ये मासा शिजणार नाही," काकूंनी स्वच्छ सांगितलं. "प्रेसिडेंट आला तरी वालाची उसळच मिळेल."

पाहुण्यांना मीच ड्राइव्ह करून आणलं, म्हणून मलाही पान वाढलं होतं. मासळीसाठी भांडणारे ते दोघे उसळीकडे बघत राहिले. मग त्यांनी पहिल्यांदाच एकमेकांकडे पाहिलं आणि खो खो हसत सुटले. काका ओशाळले. सांगू लागले, आमच्याकडे नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या किनाऱ्यावरच असतात, माशांची अंडी घालायची वेळ ना!

"आमच्याही समुद्रात हीच वेळ," एक म्हणाला. दुसऱ्याने मान डोलावली.

"मग एवढे दिवस दोघांनीही जाळी टाकू नका," काका लगेच म्हणाले. करारातलं पहिलं कलम ते ठरलं. बाकीची हळूहळू जमली आणि कोळी आपापल्या घरी गेले.

काही वर्षांनी काका गेले, तेही श्रावणात. ते दोघे वेगवेगळ्या विमानांनी आले आणि काकूंच्या सोफ्यावर शेजारी शेजारी बसले. काकू डोळे पुसत म्हणाल्या, "याही वेळी तुम्हाला मासा खाऊ घालता येत नाही."

"असू दे, काकू," त्यांतला थोरला म्हणाला. "सध्या आमच्याकडेही बंद आहे."