चपला काढून आत येणारं भूत

मी आणि माझा मित्र जुने, स्वस्तातले भुताचे पिक्चर बघतो. नुसते बघत नाही, वरून बोलतो. म्हणजे पिक्चर चालू, त्याच्यावर आमचा आवाज चढवायचा आणि तो व्हिडिओ नेटवर टाकायचा. या वटवाघळाची दोरी दिसतेय, ही बाई किंचाळायच्या आधी पदर नीट करतेय, असं. मोठ्या शहरातले कॉमेडीवाले करतात तसंच, फक्त आम्ही पोफळीच्या पॉवरहाऊस कॉलनीत, पंखा बंद करून, कारण माईकमध्ये पंखाच जास्त ऐकू येतो.

तर गेल्या मे महिन्यात एक असला पिक्चर सापडला ना. प्रिंट इतकी खराब की भूत कुठलं आणि कपाट कुठलं कळेना. बघता बघता मी एकदम थांबवला. ती जिन्याची जाळी, मागची पाण्याची टाकी... ही तर आमचीच कॉलनी. तीस-पस्तीस वर्षांपूर्वीची, पण आमचीच.

आणि मग भूत आलं. डोक्यावर केसांचा टोप, तोंडाला राख, अंगावर घोंगडी, दोन्ही हात पुढे. एका क्वार्टरच्या दारापर्यंत आलं, थांबलं, वाकून चपला काढल्या, भिंतीला नीट जोडून ठेवल्या आणि मग आत जाऊन हीरोचा गळा धरला.

मित्र म्हणाला, आपल्या मुंबईच्या पाहुण्यांपेक्षा बरं आहे हे. मी म्हटलं, आता पाय धुवायला पाणी मागणार. त्या एका जागी पिक्चर थांबवून आम्ही तीन मिनिटं बोललो, अर्धा वेळ नुसते हसलो. आमचा आजवरचा सगळ्यात भारी व्हिडिओ.

पण डोक्यातून जाईना. भूत चपला का काढेल? आणि आहे कोण ते? आईला दाखवलं. तिने फक्त चाल बघितली आणि म्हणाली, हे समोरच्या बिल्डिंगमधले काका.

समोरचे काका म्हणजे पॉवरहाऊसमधले, रिटायरमेंटला चार महिने राहिलेले, आम्ही लहानपणी त्यांना बघून बॅट लपवायचो ते. या पिक्चरबद्दल कधी कोणाला एक शब्द नाही. मित्राचं म्हणणं, व्हिडिओ टाकूया नेटवर, त्यांना कुठे कळतंय. मला पटेना. जाता जाता अख्खी कॉलनी त्यांना भूत म्हणणार, तेही आमच्यामुळे. पण विचारलं आणि नाही म्हणाले तर व्हिडिओ गेलाच. तरी रविवारी सकाळी लॅपटॉप घेऊन गेलो.

काकांनी चष्मा लावला. आमच्या आवाजासकट सगळं बघितलं. हसले नाहीत. चपलांच्या जागी आम्ही दोघं लॅपटॉपमध्ये खिदळत होतो आणि मी इकडे फरशीकडे बघत होते.

"तुमचा आवाज काढता येतो काय गो? आधी नुसतं बघू दे."

त्यांनी तो पिक्चर कधी बघितलाच नव्हता. चिपळूणला लागला तेव्हा शिफ्ट संपवून पाच-सहाजण एसटीने गेले, तर थिएटरवर दुसरंच पोस्टर. त्यानंतर कुठे मिळालाच नाही. आम्ही आमचा आवाज बंद करून परत लावला. काका गुडघ्यांवर हात ठेवून बघत राहिले.

मग मी चपलांचं विचारलंच. ते म्हणाले, भुताचा खरा नट घाटात एसटी लागून, ओकून ओकून आडवा झाला, म्हणून मला उभा केला. क्वार्टर साहेबांचं, राहतं. डायरेक्टर ओरडला, चार वेळा घेतलं, चारही वेळा काढल्या.

"आत देव्हारा होता. हात आपोआप जातो. शेवटी त्यांचंच रीळ संपलं."

मी म्हटलं, काका, टाकू का? त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. मग म्हणाले, टाका, पण त्या जागी तुम्ही फार बडबडता. तिथे मी बोलतो.

पुढच्या रविवारी रेकॉर्डिंगला आले. ते दारातून आत आल्यावर मी हळूच बाहेर डोकावले. चपला भिंतीला जोडून ठेवलेल्या. मित्रानेही बघितल्या. पंखा बंद केला. मला वाटलं, काका आता देव्हाऱ्याचं सांगणार. पडद्यावर भूत वाकलं आणि काका माईकमध्ये शांतपणे म्हणाले, "कोल्हापुरी होत्या. नव्या. बाहेर ठेवताना जीव त्यांच्यात अडकलेला."

आम्ही फुटलो. आणि काकाही. ते हसणं व्हिडिओत तसंच ठेवलंय.