सुनंदाताईंची भिंत

ताई गेल्या तेव्हा चौकातल्या फ्लेक्सवर त्यांना ‘नगरसेवकाच्या पत्नी’ करून टाकलं होतं.

निवडून आल्या होत्या त्या. भाऊ, म्हणजे त्यांचे यजमान, कधी निवडणुकीला उभेही राहिले नव्हते.

प्रिंटिंगवाल्याने घाईत मजकूर जुळवला होता. चूक कोणाच्या लक्षातच आली नाही. भाऊंच्याही नाही. मी दाखवली तेव्हा ते तिथेच फूटपाथवर बसले आणि रडले.

आज वर्ष झालं.

सिल्वासातला आमचा वॉर्ड निम्मा सोसायट्यांचा, निम्मा चाळींचा. चाळींत मसाटच्या कारखान्यांत जाणारी माणसं. बरीचशी धुळे-जळगावकडची.

सीट महिलांसाठी राखीव झाली तेव्हा भाऊंनी ताईंना उभं केलं. ताई निवडून आल्या आणि परत स्वयंपाकघरात गेल्या.

बोर्डावर नाव ताईंचं. त्यांचा फोन भाऊंच्या खिशात.

भाऊ कामाचा माणूस. चाळीपर्यंतचा रस्ता त्यांनीच भांडून करून घेतला. हे लिहायलाच हवं.

मग चाळीसाठी नवीन शौचालय झालं. टाइल्स, दिवे, भरपूर पाणी. भाऊ स्वतः बघून आले.

पण बायका तिकडे फिरकेनात. पुन्हा मागच्या झाडीत जायला लागल्या.

“एवढं करून दिलं, तरी सवय तीच!” भाऊ वैतागले.

एक दिवस विमलबाई ताईंकडे आली. ती मसाटला पॅकिंगमध्ये आहे, मूळची अमळनेरची. मी तिथेच होते. भाऊ बाहेर जाईपर्यंत ती गप्प बसून राहिली. मग म्हणाली,

“ताई, दरवाजे रोडकडे हायेत ना. समोर चहाची टपरी. शिफ्ट सुटली का सगळे माणसं तिथंच बसेल राहतात.”

दुसऱ्या दिवशी ताई स्वतः गेल्या. आत जाऊन आल्या. बाहेर पडल्या तेव्हा अख्खी टपरी त्यांच्याकडे बघत होती.

घरी येऊन माझ्यासमोरच भाऊंना म्हणाल्या, “भिंत पाहिजे.”

“आता भिंत कशाला? सगळं तर आहे.”

“मग तुम्ही जा आत. मी समोर बसून चहा पिते.”

भाऊ हसायला गेले आणि थांबले.

ताईंनी हात पुढे केला. “आणि माझा फोन द्या.”

त्यानंतर फोन त्याच उचलायच्या.

“हॅलो, साहेबने आपो ने.” साहेबांना फोन द्या, असं पलीकडचा गुजरातीत सांगायचा.

“साहेब मीच. बोला.”

भिंत झाली. बायका जायला लागल्या.

शेजारच्या वॉर्डातही बाईच निवडून आली आहे. तिचा आवाज मी अजून ऐकलेला नाही. म्हणजे बाई निवडून आली की झालं, असं नाही. कळतं मला.

आमचे हे म्हणतात, “कामाचा माणूस बघावा. बाई-पुरुष काय त्यात?”

मीही बरीच वर्षं हेच म्हणत आले.

या वेळी आमची सीट ओपन झाली. ओपन, म्हणजे कोणीही उभं राहावं. पण रिक्षावाल्यापासून सोसायटीच्या सेक्रेटरीपर्यंत सगळे म्हणतात, “यंदा पुरुषांची सीट.” बायकासुद्धा.

भाऊ उभे राहणार हे सगळ्यांनी धरूनच चाललेलं.

ताई गेल्यावर पाइपलाइन टाकताना ती भिंत पाडली. परत कोणी बांधली नाही.

विमलबाईने मला भाजीबाजारात गाठलं. “मॅडम, भिंत गेली.”

“भाऊंना सांगितलं का?”



“भाऊले काय सांगू मी?”

मग मी सांगितलं. भाऊ त्या रस्त्याने रोज जातात. ते खरोखर चकित झाले.

“अहो मॅडम, मला कोणी बोललंच नाही!”

ते खोटं बोलत नव्हते.

तेव्हापासून मला नीट झोप नाही.

परवा भाऊ घरी आले. मी शाळेत मराठी शिकवायचे, आता रिटायर झाले, म्हणून वॉर्डातले लोक मजकुरासाठी माझ्याकडे येतात. भाऊंना दोन मजकूर हवे होते. एक ताईंच्या वर्षश्राद्धाचा, एक प्रचाराचा.

“पहिला देते,” मी म्हटलं. “दुसरा नाही जमणार.”

“का हो? नाराज आहात?”

“मी उभी राहतेय.”

भाऊंनी पाणी मागितलं.

“पण सीट तर ओपन आहे, मॅडम.”

“म्हणूनच.”

निघताना चपला घालत म्हणाले, “भिंतीचं मी सांगितलंय. होईल.”

होईलही. भाऊ शब्दाचे पक्के.

पण नंतर दुसरं काहीतरी मोडेल. तेव्हा विमलबाई कोणाला सांगेल?

उद्या फॉर्म भरायचा शेवटचा दिवस. चहा दोनदा केला आणि दोनदा तसाच राहिला.

वर्गाबाहेर मी कधी चार माणसांसमोर बोलले नाही. ताईंच्या वर्षश्राद्धालाच भाऊंच्या विरोधात गेली, असंही लोक म्हणतील.

विमलबाई म्हणते, “आम्ही हाये ना.” आहेत. पण चाळीतल्या कित्येक बायकांची नावं अजून गावच्याच मतदारयादीत. उरलेल्या नवरा सांगेल ते बटन दाबतील. तिलाही माहीत आहे, मलाही.

बहुतेक हरेन.

त्याहून मोठी भीती वेगळीच आहे. समजा निवडून आले. फोन वाजला. पलीकडून कोणी म्हणालं, “सरांना द्या.”

आणि मी सवयीने फोन ह्यांच्या हातात दिला तर?

ताई, तुम्ही फोनसाठी हात पुढे केलात आणि तो मिळेपर्यंत मागे घेतला नाही. मी बघितलं होतं. आज सकाळपासून तेवढंच आठवतंय.

चौकात नवीन फ्लेक्स लागला आहे. तुमचा एकटीचा फोटो. मी दिलेल्या मजकुरातला एक शब्दही भाऊंनी बदललेला नाही.

नगरसेविका सुनंदाताई यांना वॉर्डातल्या सर्वांचा नमस्कार.

माझाही, ताई. उद्या सकाळी फॉर्म भरायला जाताना चौकात थांबेन.