लेस्टर पकेट आणि सात ताटल्या

अमेरिकेच्या दक्षिणेतल्या आमच्या हार्लन फोर्क गावात लेस्टर पकेट दोन कामं करायचा. कोंबड्यांचं खाद्य विकणं आणि गोऱ्या वंशाचं रक्षण. खाद्य रोज आठ ते पाच. रक्षण फक्त शनिवारी, कारण इतर दिवशी त्याची बायको व्हर्ना त्याला संध्याकाळी घराबाहेर सोडत नसे.

त्याच्या मंडळाचं नाव ‘पांढऱ्या मशालीचे शिलेदार’. शिलेदार एकूण सात, लेस्टर त्यांचा महासेनापती. चादरींचे झगे, टोकदार टोप्या, तोंडावर दोन भोकांचा बुरखा. लेस्टरचा झगा एवढा लांब होता, की शपथ घेताना एक हात आकाशाकडे आणि दुसऱ्या हातात झग्याचा घोळ. कोण शिलेदार आहे हे अत्यंत गुप्त होतं. म्हणजे टपाल कचेरीतल्या माझ्या खिडकीत बसल्या बसल्या मला सगळं दिसायचं. मी हसायचो आणि गप्प बसायचो. याला मी शेजारधर्म म्हणत असे. त्या गप्प बसण्याचं खरं नाव भ्याडपणा, हे मला एकोणीसशे चोवीस सालच्या ऑगस्टात कळलं.

ओढ्यापलीकडच्या काळ्या वस्तीत ओडेसा टिब्सची एका खोलीची शाळा होती, मुलं एकतीस. त्या वसंतात जिल्ह्याच्या शब्दलेखन स्पर्धेत तिच्या मुलांनी आमच्या शाळेला धूळ चारली. लेस्टर दुकानात रागाने खाद्याची पोती आपटत होता.

“पंच विकत घेतले तिने,” तो म्हणाला.

“तिन्ही पंच गोरे होते, लेस्टर. आणि कशाने घेतले? खडूने?”

“तू हस. वंश बुडाला की कळेल.”

ऑगस्टातल्या एका शनिवारी, दिवस मावळता मावळता, ओडेसाची शाळा जळाली. बाकं, फळा, नकाशा, सगळं. तीन आठवड्यांनी वर्ग भरायचे होते. शेरीफ आला, राखेत बूट फिरवून म्हणाला, “वीज पडली असावी.”

“साहेब, महिन्यात एक ढग दिसला नाही,” ओडेसा म्हणाली.

“कोरडी वीज असते, ओडेसा.”

आता शिलेदारांची एक अडचण सांगतो. पाई खाल्ल्याशिवाय त्यांची सभा पुढे सरकत नसे. जग उलथवायला निघालेली माणसं, पण आधी घरून ताटलीत आणलेली पीचची पाई. आणि आमच्या गावात चर्चच्या जेवणाला चाळीस सारख्या टिनच्या ताटल्या येतात, म्हणून प्रत्येक बाई ताटलीच्या बुडाला खिळ्याने आपलं नाव कोरते. तोंडं झाकायचं या बहाद्दरांच्या लक्षात राहिलं. ताटल्या मात्र ओढ्याकाठी टाकून पळाले.

दुसऱ्या दिवशी रविवार. प्रार्थना संपून मेपलच्या झाडाखाली जेवण मांडलं होतं. तेवढ्यात निळी हॅट घातलेली ओडेसा टोपली घेऊन सरळ आमच्या घोळक्यात आली. दीडशे माणसांची तोंडं चावता चावता थांबली.

“मिसेस पकेट, तुमची ताटली.”

व्हर्नाने ती पालथी केली. नाव तिचंच. “तुला कुठे मिळाली गं?”

“शाळेमागे, ओढ्याकाठी. घासून आणली आहे. आणि कुणाची ताटली रिकामी परत करू नये, अशी तुमच्यातही रीत आहे, आमच्यातही.”

ताटलीत बाकाचा जळका तुकडा होता.

व्हर्ना हळूच वळली. “लेस्टर, ही पाई अनाथाश्रमाला गेली होती ना?”

“गेली होती की. वाटेत जरा...”

“अनाथाश्रम उत्तरेला आहे. ओढा दक्षिणेला.”

“चोरीला गेली असेल.”

“तुझ्या मांडीवरून?”

तोवर दुसरी ताटली निघाली, तिसरी, चौथी. एकेक बायको आपलं नाव वाचायची आणि एकेक नवरा बटाट्याच्या सॅलडमध्ये डोळे बुडवायचा. सातवी ताटली शेरीफच्या बायकोची.

“कोरडी वीज का रे?” तिने नवऱ्याला विचारलं.

सोमवारी सकाळी सात शिलेदार हातोडे घेऊन ओढ्यापलीकडे हजर. बायकांचा हुकूम होता. एरवी शिडी बघून घेरी येणारा लेस्टर शिडीच्या वरच्या पायरीपर्यंत चढला. चौथ्या दिवशी ओडेसाने भिंतीला ओळंबा लावला.

“वाकडी आहे, मिस्टर पकेट. पाडा आणि पुन्हा बांधा.”

पुन्हा बांधली. घंटा वाजायच्या आदल्या दिवशी शाळा उभी राहिली, एकतीस बाकांसकट. लेस्टर घाम पुसत म्हणाला, “झालं. आता फिटलं ना?”

“शाळेचं झालं,” ओडेसा म्हणाली. “आगीचं कोर्टात.”

खटला जिल्ह्याच्या ठिकाणी उभा राहिला. निकाल देणारी पंचमंडळी सगळी गोरी. एकट्या ओडेसाच्या शब्दावर त्यांनी लेस्टरला बोट लावलं नसतं, हे तिला, आम्हाला आणि लेस्टरलाही ठाऊक होतं. तो समोर बसून मजेत नखं कोरत होता. मग व्हर्ना उठली, बायबलवर हात ठेवला आणि ताटली पालथी धरली. “ही माझी. यात पाई भरून मी यालाच दिली होती.” लेस्टरची नखं कोरायची राहिली. त्यानंतर मी उठलो. सातही जण ताटल्या घेऊन ओढ्याकडे जाताना मी खिडकीतून पाहिले होते, आणि या वेळी ते मोठ्याने सांगितलं.

लेस्टरला दोन वर्षांची शिक्षा झाली, बाकीच्यांना सहा-सहा महिने. शेरीफचा बिल्ला गेला.

व्हर्नाने नाताळात तुरुंगात पाई पाठवली. जानेवारीत ताटली टपालाने परत आली. माझ्या खिडकीसमोरच तिने कागद फाडला, आत पाहिलं, ताटली उलटी करून झटकली.

“रिकामी,” ती म्हणाली. “अजून काही शिकला नाही मेला.”