कादंबरीतली सीताफळवाली

धारूरच्या बाजारात सीताफळं विकणाऱ्या ठेंगण्या, सावळ्या बीबीजानला वाचता येत नाही, तरी एक जाड मराठी कादंबरी तिला तोंडपाठ आहे. नवरा दिलावर स्टोव्ह दुरुस्त करायचा. रिकाम्या दुपारी तिला ती वाचून दाखवायचा. पुस्तकी मराठी तिला जड जाते, म्हणून वाचता वाचता घरच्या दख्खनीत सांगायचा. तपासणारं कोणी नव्हतं.

दिलावर गेला आणि पुस्तक मुकं झालं. मग त्यावर सिनेमा निघाला. शेजारच्या चंद्रभागाबाईंच्या सुनेनं, सायलीनं, तो टीव्हीवर लावला. बीबीजान ठेवणीतली साडी नेसून आली. कादंबरीतली सीताफळवाली तिला पुन्हा भेटायला हवी होती. बाकीच्यांचं काय, ते आपापलं बघून घेतील.

नायक देखणा होता, घोडा त्याहून देखणा. बाजार आला आणि गेला.

"सीताफळवाली कुठं हाय?"

"कोण सीताफळवाली?"

"घोड्यावरनं भाव करतो, त्याला झापती ती! 'घोडे पे बैठको चार आने के वास्ते झगडते क्या?' म्हनती. मंग सायब गपगुमान खाली उतरतो. का म्हून कापली मेल्यांनी?"

"सिनेमावाले असंच करतात, मावशी," सायली म्हणाली. शिकलेली माणसं एवढं म्हणतातच. "थांबा, पुस्तकातनं वाचून दाखवते."

तिनं बीबीजानकडचं पुस्तक घरी नेलं, चाळलं, मग सगळं वाचलं आणि परत आली.

"दिसायला कशी होती हो ती?"

"ठेंगणी, सावळी. तोंडानं लई फटकळ, पर मापाला..." बीबीजान बोलता बोलता थांबली. सायली पुस्तकाच्या पुठ्ठ्याकडे बघत राहिली.

"पुस्तकात नाही ती, मावशी."

खरं तर संशय आधीच यायला हवा होता. घोड्यावरून उतरलेल्या साहेबाला दिलावरच्या वाचनातली सीताफळवाली दर वेळी नवंच काहीतरी सुनावायची. पुस्तकं अशीच असतात, अशी बीबीजानची समजूत होती. नाहीतर माणसं तेच पुस्तक पुन्हा कशाला उघडतील?

"तरी वाच," ती म्हणाली. "बाजाराचं वाच."

सायलीनं वाचलं. नायक बाजारात शिरला. धूळ होती, बैल होते, दोऱ्या विकणारा म्हातारा होता. वर्णन झकास होतं. बीबीजान डोळे मिटून ऐकत होती.

"मंग?"

"मग तो नदीपाशी पोचला."

"कुनीच टोकलं न्हाई त्याला?"

"नाही, मावशी."