निडव्याखालची ओळ

नव्वद सालानंतरची ती वर्षं. मी इंदापूरला कॉलेजात मराठी शिकवायचे, आणि कवितेतल्या एकेका शब्दावर तासभर बोलायची मला भारी हौस. "हाच शब्द का, ते विचारा," असं मुलांना बजावायचे. ती हौस एका पोस्टकार्डाने माझ्याच अंगाशी आणली.

कार्ड लासुर्ण्याहून वडिलांचं. आई गेल्यापासून ते तिथे एकटेच राहत. या खेपेला खुशालीऐवजी चारच ओळी होत्या:

लागण गेली, खोडवा गेला,
आता उरला निडवा.
पाण्याची पाळी कधी येणार,
कुणीतरी कळवा.

मी त्या ओळी पुन्हा वाचल्या. उसाच्या गावात वाढलेली मी. लागणीचा ऊस तोडला की बुडख्यांतून खोडवा फुटतो, तोही तोडला की निडवा, आणि निडव्यानंतर रानात नांगर. स्वतःच्या म्हातारपणाला असा शब्द माणूस कधी वापरतो? आवराआवर सुरू केल्यावरच. 'उरला'सुद्धा किती थकलेला! पेन घेऊन मी निडव्याखाली रेघ मारली, आणि सवयीने 'कळवा'पुढे लिहिलं: यमकासाठी. पाळी म्हणजे मरणाची, याबद्दल मला शंकाच उरली नाही.

दोन तास सोडून स्टँड गाठलं. बारामतीची एसटी मुंगीच्या पावलाने चालली होती. मन चिंती ते वैरी न चिंती. जेवत असतील का, विहिरीकडे तर गेले नसतील, दार आतून लावलेलं असलं तर कुणाला हाक मारायची? शेजारच्या बाईंनी शेंगा पुढे केल्या, तर मी त्यांच्यावर उगाच खेकसले.

वडील गोठ्यात म्हशीपुढे उसाचं वाढं टाकत होते. चांगले धडधाकट. मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग.

"आबा, असलं अभद्र का लिहिता? म्हणे निडवा!"

"साठी उलाटली, मग काय लागण म्हनू? निडव्याची मुळं जित्ती असत्यात, म्हनून तर ठिवत्यात त्यो." कार्ड हातात घेऊन त्यांनी माझी रेघ पाहिली. "हितं कशाला रेघ वडलीस? त्याच्या खालचं वाच की. पाळी तुजी हाय. दिवाळीपास्नं वाट बगतुय."

"मग सरळ 'ये' असं लिहायचं!"

"मागच्या तीन कार्डांत सरळच लिवलं हुतं."

ती तिन्ही कार्डं मला मिळाली होती. वाचून मी खणात टाकली होती. त्यांत अर्थ लावण्यासारखं काही नव्हतं.