आधी पुस्तक, मग विमान

वायुदलात मी वीस वर्षं इंजिनांवर काम केलं. विमान जमिनीवर असेपर्यंत ते आमचं, धावपट्टीकडे वळलं की दुसऱ्याचं. निवृत्त होऊन कोल्हारला परतलो तर गावाने मला पायलट साहेब करून टाकलं. सुरुवातीला मी सांगायचो, “पायलट नाही हो, टेक्निशियन होतो.” ते ऐकून समोरच्याचा चेहरा जरासा उतरायचा. पुढे पुढे मी सांगणं सोडून दिलं.

गच्चीवर पत्र्याची एक खोली होती. तिथे मी अकरावी-बारावीच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवायचो. एके दिवशी दुपारी वस्तीवरचे एक ओळखीचे शेतकरी मुलीला मोटारसायकलवर मागे बसवून घेऊन आले. मुलगी बारावीला कॉलेजात पहिली आली होती. बापाने टोपी काढून मांडीवर ठेवली.

“साहेब, हिला इमान चालवायचंय. म्या म्हनलं, आपल्या गावातच मानूस हाय की. तुमी सांगाल तसं करायचं.”

मुलीने वहीत प्रश्न लिहून आणले होते. पहिलाच प्रश्न तिने वाचून दाखवला, “काका, एअरलाइनच्या परीक्षांचा अभ्यास सुरू करायच्या आधी आपण किती तास विमान उडवलेलं असावं?”

“शून्य,” मी म्हणालो. “आधी पुस्तक, मग विमान. लहान लायसन्सचे पेपर दे, त्याच्या मागोमाग मोठ्या लायसन्सचे, म्हणजे तुझे ते एअरलाइनचे, दे. सगळं इथे बसून उरकायचं. तिथे गेल्यावर मग फक्त उडवायचं राहील.”

हे अगदीच चुकीचं नव्हतं. पुष्कळ मुलं असंच करतात आणि त्यांचं निभावतं. पण मी ज्या ठामपणे बोललो तो ठामपणा उसना होता. मला पुस्तकातलं शिकवता येत होतं, म्हणून पुस्तकच आधी.

दीड वर्ष ती रोज यायची. नकाशे, वाऱ्याने विमान किती सरकेल ते काढायचे त्रिकोण, ढगांचे प्रकार, दिशादर्शक यंत्रं. एखादं गणित मला अडलं तर ती माझ्याआधी सोडवून फळ्यावर मांडायची. खालून मनमाड रस्त्यावरून उसाच्या गाड्या जायच्या, त्यांच्या टेपच्या आवाजात मला ओरडून शिकवावं लागायचं. शिर्डीला उतरणारं विमान डोक्यावरून गेलं की बाकीची मुलं खिडकीशी पळायची. ती जागची हलत नसे. मला तिचा अभिमान वाटायचा. आता वाटतं, तेव्हाच तिला हाताला धरून खिडकीशी न्यायला हवं होतं.

एकदा तिने मोबाईल माझ्यापुढे धरला. जिथे पुढे प्रवेश घ्यायचा होता त्या फ्लाइंग स्कूलने कळवलं होतं की प्रवेशाआधी कुणाला अर्धा तास शिक्षकाबरोबर उडून पाहायचं असेल तर या.

“जाऊ का काका? बाबा हो म्हणालेत. एका दिवसात परत येईन.”

“तो खेळ असतो,” मी म्हणालो. “अर्ध्या तासात काय कळणार? पुढच्या महिन्यात पेपर आहे.”

“नुसतं कसं वाटतं ते बघायचं होतं.”

“वाटण्यावर विमान चालत नाही.”

तिने मोबाईल दप्तरात टाकला आणि वही उघडली. खरं कारण मी स्वतःशीही धड कबूल केलं नव्हतं. ती उडून आली असती, तर मला काहीतरी असं विचारलं असतं, ज्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

सगळे पेपर ती पहिल्याच फटक्यात पास झाली, मोठ्या लायसन्सचेसुद्धा. शाळेच्या मैदानात सत्कार झाला. मलाही व्यासपीठावर बसवून शाल दिली. सूत्रसंचालन करणाऱ्या गुरुजींनी माईकवर सांगितलं, “स्वतः लढाऊ विमानं चालवलेल्या गुरूंचं मार्गदर्शन तिला लाभलं.” टाळ्या वाजल्या. मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला. माझी बायको खाली बायकांमध्ये बसली होती. घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली, “तुम्ही काही बोलला नाहीत.”

मुलगी विदर्भातल्या त्या फ्लाइंग स्कूलला गेली. पहिल्या आठवड्यात रोज फोन यायचा. मग दोन दिवसांनी. मग बंद झाला. मी समजूत करून घेतली की कामात असेल.

दोनेक महिन्यांनी एका सकाळी तिचे वडील आले. या वेळी टोपी डोक्यावरच होती.

“पोरगी घरी आलीया. जेवत न्हाई, बोलत न्हाई. तुमच्याशीच बोलंल ती. चला.”

वस्तीवर ती पडवीत बसली होती. आईने पाणी आणून ठेवलं आणि तिथेच दाराला टेकून उभी राहिली.

“काय झालं?” मी विचारलं.

“जमत नाही मला.”

“तुला? अगं, तुझ्याइतकं त्या बॅचमध्ये कुणाला येतं?”

“तेच तर.” तिचा आवाज चढला. “सगळे मलाच विचारायला येतात. ज्याला नेव्हिगेशनचा पेपर दोनदा अडला, त्याला मी शिकवलं. तो सोळाव्या तासाला एकटा उडून आला. माझे सव्वीस तास झालेत काका, आणि शिकवणाऱ्या मॅडम मला अजून एकटीला सोडत नाहीत.”

मग तिने सांगितलं. पहिल्या दिवशी विमान वर चढताच तिला उलटी झाली. तसं पुष्कळांना होतं आणि चार दिवसांत थांबतं. तिचंही थांबलं. पण उतरताना आडवा वारा लागला की तिच्या डोक्यात त्रिकोण सुरू व्हायचा. वारा किती, कोन किती, किती अंश वळायचं. शिक्षिका ओरडायच्या, “आत बघू नकोस, बाहेर बघ!” तोवर धावपट्टी एका बाजूला सरकलेली असायची. शेवटच्या दिवशी विमान एका अंगाला कललं, जमीन जवळ आली, आणि तिचे दोन्ही हात विमान वळवायच्या दांड्यावर घट्ट आवळले गेले, सोडवेनात. शिक्षिकेने तिच्या हातावर फटका मारून विमान आपल्या ताब्यात घेतलं आणि पुन्हा वर उचललं.

“मला उत्तर येत होतं काका. त्या क्षणीसुद्धा तोंडपाठ येत होतं. हात हलला नाही.” मग सरळ माझ्याकडे बघून तिने विचारलं, “तुम्हाला असं कधी झालं होतं का? पहिल्यांदा उतरवताना?”

पडवीत तिची आई होती, बाप होता. वीस वर्षांच्या नोकरीत मी कधी घाबरलो नाही इतका त्या वेळी घाबरलो.

“मी विमान कधी उडवलेलं नाही,” मी म्हणालो. “एकदाही नाही. मी इंजिनं दुरुस्त करायचो.”

मग तिचे वडील म्हणाले, “आन् हे तुमी आत्ता सांगताय व्हय?”

ती रडली नाही, चिडलीही नाही. उठून आत गेली आणि दार लोटून घेतलं. मी चपला घालून रस्त्याला लागलो. मला सोडायला कुणी आलं नाही.

चार दिवसांनी मी तिच्या शिक्षिकेला फोन लावला. नंबर स्कूलमधून मिळवला होता. बाई मराठीच निघाल्या, सडेतोड. मी ओळख दिली तेव्हा त्या म्हणाल्या, “म्हणजे तुम्हीच ते.” मग म्हणाल्या, “मुलगी चांगली आहे. तिला वाऱ्याचा हिशेब येतो, पण वारा अंगाला कळत नाही अजून. आधी दहा-वीस तास उडाली असती तर पुस्तक वाचताना तिला काहीतरी आठवलं असतं. आता विमानात बसल्यावर तिला पुस्तक आठवतं. तिला परत पाठवा. आणि पुस्तकं घरीच ठेवायला सांगा.”

माझ्या सांगण्याने ती जाणार नव्हती. मी निरोप तिच्या आईकडे दिला, बाईंचा म्हणून. पंधरा दिवसांनी ती गेली, असं दुकानात कळलं.

एकेचाळिसाव्या तासाला ती एकटी उडाली. हे तिने मला सांगितलं नाही, तिच्या आईने माझ्या बायकोला सांगितलं. पुढेही तिला इतरांपेक्षा जास्त वेळ लागला. कधी विमान बंद, कधी हवा खराब, कधी तीच अडकलेली. लहान लायसन्स हातात आलं तोवर, आधीच देऊन ठेवलेल्या एअरलाइनच्या पेपरांची मुदत संपली होती. ते पेपर तिला पुन्हा द्यावे लागणार आहेत.

आता ती घरीच राहून अभ्यास करते, एकटी. नोकरी अजून नाही. मध्यंतरी दूध डेअरीपाशी भेटली. मी विचारलं, “अभ्यास कसा चाललाय?”

“आता कळतो,” ती म्हणाली. “ढगांचं प्रकरण वाचताना अंगावर काटा येतो. तेव्हा नुसतं पाठ केलं होतं.”

मी म्हणालो, “त्या अर्ध्या तासाला तुला अडवायला नको होतं मी.”

तिने किटली या हातातून त्या हातात घेतली. “गेले असते तर कदाचित घाबरून तेव्हाच सोडून दिलं असतं. किंवा घाबरणं तेव्हाच उरकलं असतं. मला नाही सांगता येत काका.”

‘काका’ म्हणाली, एवढ्यावर मी चार दिवस काढले. पण ती आमच्या घरी येत नाही.

गेल्या महिन्यात पारनेरकडच्या एक बाई पोरीला घेऊन आल्या होत्या. कुणीतरी माझं नाव सांगितलेलं. मी त्यांना चहा दिला आणि सगळं सांगितलं, मी कोण आणि काय नाही तेसुद्धा. म्हणालो, “आधी हिला एकटीने उडून उतरू द्या, मग मोठ्या परीक्षांची पुस्तकं आणा. तेव्हा आलात तर गणितं मी शिकवीन.” बाई उठताना म्हणाल्या, “नगरला एक सर आहेत, ते म्हणाले सगळे पेपर आधीच करून देतो.”

मुलगी दारात थांबून माझ्याकडे बघत होती. तिला काहीतरी विचारायचं होतं. आईने हाक मारली, तशी ती गेली.