कडीला लावलेलं कुंकू

उपग्रह सोडणाऱ्या रॉकेटची कडी नापास का झाली, तर कुंकू आणि नारळाचं पाणी. हे कारण मी माझ्या हातानं फॉर्मवर लिहिलंय. आजही आठवलं की डोकं सणकतं.

जळगावच्या एमआयडीसीत आमचं छोटंसं वर्कशॉप. रावेरकडच्या केळीच्या ट्रॉल्यांचे भाग करता करता रॉकेटचे दोन टप्पे जोडणाऱ्या कडीचं काम मिळालं. मी तपासणीला, लेथवर नाना. महिनाभर खपून त्यांनी कडी उतरवली. मी ती धुतली, तेलाचा अंशही ठेवला नाही, हातमोजे घालून टेबलावर ठेवली आणि ती सील करायची पिशवी आणायला आत गेले. पाच मिनिटं हो, फक्त पाच मिनिटं!

येऊन बघते तर कडीवर कुंकवाचं स्वस्तिक, शेजारी फोडलेला नारळ, पाणी खाचांत उतरलेलं. नाना हात जोडून उभे.

"नाना, काय करून ठेवलंत हे!"

"ट्रॉली बी अशी नही धाडत आपण, ताई."

अहो, कुठं ट्रॉली नि कुठं रॉकेट! किती धुतली तरी खाचांतले डाग हटेनात. मालकांनी बजावलं, दुसरी कडी नापास झाली तर काम हातचं गेलं. झालं, पुन्हा पहिल्यापासून. या वेळी मी टेबलाजवळून हललेच नाही. नाना लांबूनच बघत होते.

"हे रॉकेट परत येस का?"

"नाही हो. एकदाच वापरायचं. काम झालं की टप्पा सुटतो आणि पडतो समुद्रात, कडीसकट."

"परत येनार नही, आनि कोरड्या कपाळानं धाडता?"

मी वैतागून ओरडलेच, "धातू आहे तो, नाना! पोरगी नाही सासरी चालली!"

"पोरगी तर दिवाळीले येस," नाना म्हणाले.

कप्पाळ! मी कडी पिशवीत घातली आणि पिशवी सील केली.

कडी घेऊन रॉकेटवाल्यांच्या तपासणी केंद्रावर मीच जाणार होते. गाडीत बसताना नाना खिडकीशी आले आणि चिमूटभर कुंकू त्यांनी माझ्याच कपाळाला लावलं. मी करवादले, "आता हे काय?" ते मागं सरले.

केंद्राच्या दाराशी मला सगळ्यात आधी कपाळ पुसायला लावलं. लावणारच! नानांच्या नावानं बोटं मोडत दोन तास बाहेर बसले. मग आतून निरोप आला, कडी पास. मी तिथूनच फोन लावला.

"नाना, पास झाली! काम राहिलं आपलं!"

"बरं झालं," ते म्हणाले. "ती तर गेली आता. तुम्ही कधी येता?"

मला चिडायचं होतं. पण माझा हात पुसलेल्या कपाळावर गेला.